विलायतेत बाबांची ढोलकी

विलायतेला जाऊन आलेली बाई म्हणून आमच्या भागात मला अजून मान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यालाही आता जमाना झाला, तरी नाताळात कोणी ना कोणी नातवंडं घेऊन येतं आणि म्हणतं, "बाई, तिथल्या बर्फाचं सांगा ना." मी बर्फाचं सांगते. जहाजावर सगळे कसे ओकत होतो ते सांगते, पोरं खिदळतात. पुढे कोणी खोदून विचारलं, की मी खेकसते. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते चहा पिऊन मुकाट्यानं जातात. पण बर्फ काय, पडतो आणि वितळतो. सांगण्यासारखं आहे ते बाबांचं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आमचं गाव हिंगणघाट आणि अल्लीपूर यांच्या मधलं. गावाबाहेर मिशनचा दवाखाना, त्याला लागून देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो), आणि मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची चार घरं. बाबा दवाखान्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकायचे. खेड्यापाड्यांतून रोगी आणायचे, बरा झाला की त्याला घरी सोडून यायचे, नाही झाला तरी सोडून यायचे. माणूस बोलका, खोडकर. रोगी कण्हत असला तरी त्याला वाटेत हसवायचे. लहान पोरांचा तर असा लळा, की बंडी दिसली की अर्ध्या गावाची पोरं मागून लोंबकळायची.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हा आम्ही नाल्यापलीकडच्या खेड्यात राहायचो आणि ख्रिस्ती नव्हतो. आईला बाळंतपणातला ताप भरला. बाळ आधीच गेलं होतं. बाबांनी कोणाची तरी बंडी मागून आणली, तिला तीत घातली, पण नाल्याला पूर. बैल पाण्यात पाय घालेनात. मग बाबांनी आईला तिच्याच लुगड्यानं पाठीशी बांधली आणि छातीइतक्या पाण्यातून नाला ओलांडला. दवाखान्याच्या पायरीवर उतरवली तेव्हा ती संपलेली होती. मिशनच्या मोठ्या बाई, म्हणजे मिससाहेब, त्या वेळी तिथे होत्या. आईचे डोळे त्यांनीच मिटले आणि स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. मिससाहेबांना सगळं ठाऊक होतं.

बाबा नंतर त्या खेड्यात परत गेलेच नाहीत. दवाखान्यातच कामाला राहिले, दोनेक वर्षांनी आम्ही बाप्तिस्मा घेतला. मिससाहेबांनीच मला शिकवलं, खाल्ल्या मिठाला मी जागते. पुस्तकं दिली, वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं. त्या गोऱ्या, उंच, मराठी अगदी पुस्तकातली बोलणाऱ्या. आमचं वऱ्हाडी ऐकलं की कपाळाला आठी घालायच्या.

आणि दारूचं म्हणाल, तर बाबांना तिचा वास चालत नसे. त्यांचा बाप पिऊन पिऊन नालीत मेला होता. बाबांनी पोरपणीच कानाला खडा लावला. कोणाच्या लग्नात बाटली निघाली, की बाबा पंगतीतून उठून बैलांपाशी जाऊन बसायचे. सोयरे चिडवायचे, "काय वो, बैलच तुमचे सोयरे काय?" बाबा म्हणायचे, "बैल पेत नाई ना बावा."

देवळात बाबा ढोलकी वाजवायचे. आमच्याकडे उपासनेत एक रीत होती, कोणी घातली कोण जाणे. पाळकसाहेब उपदेशात कोणा माणसाचं चांगलं सांगू लागले, आणि त्याच्याकडे हात करून थांबले, की ढोलकीवर एक छोटा तुकडा वाजायचा. मग मंडळी "आमेन" म्हणायची. ज्याच्यासाठी तुकडा वाजला तो आठवडाभर ताठ चालायचा. स्वतः बाबांकडे कोणी हात केला तर तेही तुकडा वाजवायचे, आणि वर हात जोडायचे. सगळे हसायचे. बाबा म्हणायचे, "माह्यासाठी कोन वाजवनार? मीच वाजवतो."

आमच्या भाऊबंदांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याच्या आदल्या वर्षी मिससाहेबांनी ठरवलं की आमची भजनी मंडळी विलायतेला न्यायची. दवाखान्यात बायकांसाठी वेगळा वॉर्ड बांधायचा होता. तिथल्या देवळांतून आम्ही गायचं, त्या बोलणार, लोक मदत करणार. आम्ही सात जण. त्यांत बाबा, मी, आणि दवाखान्यातली एक वयस्कर नर्सबाई, जी माझ्याबरोबर वरच्या पट्टीत गायची. बाकीचे टाळ, पेटी आणि आवाज.

मला विसावं लागलं होतं आणि अंगात वारं भरलं होतं. वर्ध्याहून पट्ट्याचे नवे सँडल घेतले, दोन पांढऱ्या पातळांना निळे काठ लावून घेतले. मनात मांडे खाणं चालू होतं, की मी अशी स्टेजवर उभी राहीन, तशी बोलेन. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली आमच्या वस्तीतली काय ती मी एकटी. बाबा अख्ख्या बाजारात सांगत सुटले होते, "माही पोट्टी सायबायशी इंग्रजीत बोलनार हाये."

तिथे पोचलो आणि पहिल्याच दिवशी मिससाहेबांनी माझे सँडल काढायला लावले. म्हणाल्या, "मुली, तिथे तुमचा खरा गावचा वेष दिसला पाहिजे." मला नऊवारी लुगडं नेसवलं, नाकात कुठलीशी खोटी नथ. बाबांनी बिचाऱ्यांनी शिंप्याकडून कोट शिवून नेला होता, तो पेटीत गेला आणि उघड्या अंगावर घोंगडी आली. अरे वा रे! गावी आम्ही अनवाणी देवळात आलो तर "पाय धुऊन या, चपला घाला" म्हणून याच बाई हात धुऊन मागे लागायच्या. तिथल्या दगडी फरशीवर अनवाणी बसलं की गारठा थेट डोक्यात जायचा. मी धुसफुसले. बाबा म्हणाले, "राहू दे वं. त्यायच्या घरी आलो, त्यायच्या मनासारकं करू."

रोज संध्याकाळी एका नव्या गावात कार्यक्रम. आधी मिससाहेब बोलायच्या, मधे मधे आम्ही भजन म्हणायचो. गावी त्या मराठीत सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत. तिथे त्यांची गाडीच सुटायची. माझं मॅट्रिकचं इंग्रजी पुस्तकातलं, त्यांच्या तोंडचं पळणारं. मला "गॉड" आणि "इंडिया" एवढंच हाती लागायचं. बोलता बोलता त्या बाबांकडे हात करून थांबायच्या. झालं! बाबांना वाटायचं, आपल्याबद्दल चांगलं बोलणं चाललं आहे. ते झकास तुकडा वाजवायचे, हात जोडायचे, आणि सगळ्यांकडे पाहून हसायचे. लोक क्षणभर गप्प व्हायचे, मग एक हुंदका यायचा, कोणी बाई रुमाल डोळ्यांना लावायची. बाबा खूश. "पायलं? माह्या हातानं रडतेत लोकं," म्हणायचे.

रोज तेच ऐकून ऐकून कान उघडत गेला. आज एक शब्द उमगला, उद्या दोन. आणि एका गावात, कोळशाच्या खाणीवरचं गाव होतं ते, कार्यक्रमानंतर चहाला सगळे उभे असताना एक लहानसा मुलगा बाबांच्या ढोलकीला हात लावायला आला. बाबा खाली बसले, त्याचा हात धरून त्याच्याकडून थाप मारून घेऊ लागले. तेवढ्यात त्याची आई धावत आली आणि पोराला असं ओढून नेलं, की त्याचा हात बाबांच्या हातातून सुटताना दुखला असेल. बाबा मिशीला हात लावून म्हणाले, "भ्यालं वाटते मिशीले." दुसऱ्या एका म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले, बाबांकडे एक नजर टाकली आणि हळू म्हणाली, "बिचारी तुझी आई." माझ्या मुठीत तिनं चॉकलेट कोंबलं.

तिला माझ्या आईचं काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी मी भजन विसरून मिससाहेबांच्या तोंडाकडे पाहत बसले. आणि समजलं. सगळं समजलं. हा माणूस दारुडा होता. बायकोला रोज मारायचा. एके रात्री इतकं मारलं की ती मेली. मग दवाखान्याच्या दारात येऊन पडला आणि प्रभूनं त्याला उचललं, आणि आज पाहा, ज्या हातांनी बायकोला मारलं तेच हात देवासाठी वाजवतात. इथे मिससाहेबांनी हात केला. बाबांनी तुकडा वाजवला.

काय सांगू मला काय झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं. आणि खरं तेच लिहिते, पहिला राग मिससाहेबांचा आला नाही, बाबांचा आला. नका ना वाजवू बाबा, थांबवा ना ते! हसताय काय असे खुळ्यासारखे! समोरचे तीनशे लोक त्यांच्या त्या जोडलेल्या हातांकडे बघत होते आणि मला ते हात झाकून टाकावेसे वाटत होते.

नर्सबाईला मी जिन्यात गाठलं. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, डॉक्टरच्या हाताखाली सगळा जन्म गेला होता.

"तुमाले समजते ना मिससाहेब काय बोलतेत ते?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयल्याच दिवशी समजलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगून काय करतं? वॉर्ड झाला पायजे का नाई? तुह्या मायसारक्या किती बाया मरून राह्यल्या." मग जरा नरम आवाजात म्हणाली, "गप राह्य. गावी गेल्यावर कोनाले मालूम पडते?"

मी तशीच मिससाहेबांकडे गेले. त्या कुठल्याशा यजमानांच्या घरी खुर्चीत मोजे रफू करत होत्या. मी शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न करत म्हटलं, "बाबांबद्दल तुम्ही असं का सांगता? तुम्हीच आईचे डोळे मिटले होते."

त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग शांतपणे म्हणाल्या, "मुली, मी एका माणसाविषयी बोलत नाही. असे कितीतरी आहेत. इथल्या लोकांना पुराचा नाला, बैल, यांतलं काही कळत नाही. दारू कळते. तू तो दृष्टान्त समज. प्रभूनेदेखील दृष्टान्त सांगितले."

प्रभूनं दृष्टान्तातल्या माणसाला समोर बसवून त्याच्याकडे हात केला नव्हता. हे उत्तर मला परतीच्या जहाजावर सुचलं. तेव्हा मी फक्त "बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन रडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बाबांना सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस कुढले. दोन दिवस ते तुकडे वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्यानं ऐकवेना. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथे शेकोटीची जागा होती, बाबा तिच्यापुढे बसून ढोलकी शेकत होते. तिथल्या ओलसर हवेत तिचा आवाज बसून जायचा, म्हणून रोज दुपारी शेकावी लागे. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, आगीकडे बघत.

बाबा ढोलकी फिरवत होते ते थांबले. मग विचारलं, "तुह्या मायले म्या मारलं म्हनते?"

"हो."

"अन् मी तवाच वाजवतो?"

मी मान डोलावली. त्यांनी ढोलकी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. नुसते पुसत राहिले. मला वाटलं आता चिडतील, ओरडतील, गावी चला म्हणतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिले पाठीवर घेतली व्हती, तवा ते बोलत व्हती माह्याशी. अर्ध्या नाल्यापावतर बोलत व्हती." हे मला त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले येते ना इंग्रजी? तू सांगजो त्यायले. मिससायेबाशी भांडू नोको, त्यायनं आपल्याले उभं केलं. पन लोकायले सांग. आज सांग. मंगच मी वाजवीन."

त्या संध्याकाळचं देऊळ मोठं होतं. वरच्या सज्जातही माणसं. मिससाहेब बोलत गेल्या, बाबांकडे हात केला. बाबांचे हात ढोलकीवर नुसते पडून राहिले. तुकडा वाजला नाही. मिससाहेब अडखळल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

मी उठले. नथ, लुगडं, अनवाणी पाय. मनात वाक्यं दिवसभर घोटली होती. मी म्हटलं, माझे वडील कधीच दारू प्यायले नाहीत. त्यांनी माझ्या आईला कधी मारलं नाही. ती तापानं मेली. त्यांनी तिला पाठीवर बांधून पुरातून आणलं. एवढंच. इंग्रजी बरोबर होतं, त्यात काही चूक नव्हती. एकेक शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. मिससाहेब खोटं बोलल्या, हे मात्र मी म्हटलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही, आणि बाबांनीही भांडू नको म्हटलं होतं.

तेवढ्यात मिससाहेब पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि लोकांना म्हणाल्या, पाहा, शुभवर्तमानानं या लेकीच्या हृदयात केवढी क्षमा घातली आहे. आपल्या बापाचं पाप तिनं झाकलं. पुसून टाकलं. प्रभू आपलं पाप असंच पुसतो.

त्या लोकांत देवळात टाळ्या वाजवायची रीत नाही. त्या दिवशी वाजल्या. लोक उभे राहिले. बाया तर बाया, पुरुषही रडत होते. मला म्हणायचं होतं, नाही, तसं नाही, थांबा, पण तोंडातून शब्द निघेना, आणि त्या टाळ्यांत निघाला असता तरी ऐकलं कोणी असतं? हात दाखवून अवलक्षण झालं. आधी बाबा नुसते दारुडे होते, आता लेकीनं झाकून घेतलेले दारुडे झाले.

मी खाली बसले. बाबांचे डोळे भरून आले होते. मला हळूच विचारलं, "समजलं त्यायले?"

माझ्यापाशी तेव्हा घडीभराचाही वेळ नव्हता. समोर पेटीवाला सूर धरून बसला होता. मी म्हटलं, "हो बाबा."

"सगळं?"

"सगळं."

बाबांनी ढोलकी मांडीवर ओढली. त्या रात्री ते वाजवत होते तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. डोकं मागे टाकून, डोळे मिटून. नर्सबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी गायले. काय गायले ते आठवत नाही.

पुढे रोज तेच सुरू झालं. मिससाहेबांना माझ्यात नवी गोष्ट सापडली होती. बाबांचं थोडक्यात सांगून त्या माझ्याकडे हात करायच्या: ही ती क्षमा करणारी लेक. आणि बाबांना वाटायचं, मिससाहेबांनी आपली चूक सुधारली, आता माझ्या पोरीचं कौतुक करून राहिल्या. मग ते माझ्यासाठी तुकडा वाजवायचे. रोज, लेकीच्या अभिमानानं, आधीपेक्षा लांबवून. मी मान खाली घालून बसायची, तर लोकांना ती माझी नम्रता वाटायची. एकदा मी नर्सबाईला म्हटलं, उद्यापासून मी गाणार नाही. ती म्हणाली, "बाप इचारंल, काऊन? काय सांगशील?" मी गाणं चालू ठेवलं.

गावी परतलो. पहिल्याच रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती. देऊळ खचाखच. आमची मंडळी तर होतीच, पण वस्तीतले बाकीचे, गावातले दुकानदार, हिंगणघाटहून आलेले सोयरे, सगळे विलायतेचं ऐकायला जमले होते. मिससाहेब पुढे बसल्या होत्या. पाळकसाहेब म्हणाले, कोणी साक्ष द्यावी. कोणी उठायच्या आत बाबा उठले.

त्यांनी सगळं सांगितलं. कोणावर राग नाही, काही नाही, गोष्ट सांगावी तसं. "तिथं माह्याबद्दल चुकीचं बोलनं झालं. मी दारू पेतो, मी बायकोले मारलं, असं. मिससायेबाचा गैरसमज झाला असंल, लई रोगी पायतेत त्या, कोनाचं कोनाले लागते. पन माही पोट्टी उठली! हजार सायबायसमोर उठली अन् इंग्रजीत सांगितलं, का माहा बाप असा नाई. अन् समद्या लोकायनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. माह्या बायकोच्या नावानं टाळ्या वाजल्या, तिकडं, समुद्रापल्याड."

आमची मंडळी मोठ्यानं "आमेन" म्हणाली. मिससाहेबांची मान खाली गेली होती. बाबांना ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला त्या क्षणी कळलं. त्यांना वाटत होतं मी एकटीच जाणते.

बाबा माझ्याकडे वळले. "ऊठ वं बाई. सांग, तिथं इंग्रजीत काय म्हटलं ते. ऐकू दे समद्यायले."

मी उठले. पाळकसाहेब त्या दिवशी कौतुकानं मला पुढे या, पुढे या करत होते. ते स्वतः मराठीच शिकलेले, डॉक्टर रजेवर; सगळ्या देवळात माझ्याखेरीज इंग्रजी समजणाऱ्या फक्त दोघी, नर्सबाई आणि मिससाहेब. मी मिससाहेबांकडे पाहत, सावकाश, एकेक शब्द मोजून इंग्रजीत म्हटलं: तुम्ही माझ्या वडिलांबद्दल खोटं बोललात. तुम्हाला खरं ठाऊक होतं. आणि माझ्या तोंडचं खरंसुद्धा तुम्ही खोटं करून टाकलंत. हे मी तिथे बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, आणि तुम्ही मला बोलू दिलं नाही.

टाळ्या वाजल्या. पोरं तर शिट्ट्या मारायला लागली, त्यांना मोठ्यांनी दटावलं. मिससाहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मंडळीला वाटलं आनंदाचं आहे. त्यांनी उठून बाबांसमोर हात जोडले. त्यांना मी कोणासमोर असे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. बाबा लाजून मागे सरकले, "नाई, नाई, असं नोका करू," म्हणू लागले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "पायलं? अशी बोलली व्हती तिथं."

तशी बोलले असते तर! तिथे बोलायचं ते मी इथे बोलले, ज्यांना समजायचं नव्हतं त्यांच्यापुढे. मिससाहेब पुढल्या वर्षी कायमच्या परत गेल्या. वॉर्ड बांधून झाला, त्यात किती बायकांचे जीव वाचले याची मी साक्षीदार आहे, तेही नाकारत नाही. तिकडे जाऊन त्यांनी कोणाला खरं सांगितलं का, मला ठाऊक नाही. नसावं. आणि सांगितलं तरी किती घरी जाऊन सांगणार?

बाबा पुष्कळ जगले. भाऊबंदांत दीक्षेवरून वाद झाले, कोणी कोणाकडे जेवेना झालं, तरी बाबांना दोन्हीकडची माणसं मान द्यायची. इथे त्यांच्याबद्दल वावगा शब्द कोणी काढला नाही. म्हातारपणी डोळे गेले, पाय गेले. नाताळ आला की खाटेवर पडल्या पडल्या त्यांना विलायतेचं आठवायचं, आणि ते मला हाक मारायचे.

"काय वं बाई, तिथले लोकं आपली आठवन काढत असतीन, नाई?"

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची, आणि म्हणायची, "हो बाबा. काढत असतीन."